दहा जण, मध्यम माप

"दहा फॅसिस्टविरोधी हवेत, मध्यम मापाचे, काळ्यात," असं ती जाहिरातीची मुलगी म्हणाली तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. टाचण्या तोंडात धरायची सवय वाईट, हे मला लग्नाआधीपासून सगळे सांगत आलेत. पण त्या सवयीने मला कितीतरी वेळा वाचवलं आहे. गिऱ्हाईक बोलत राहतं, आपण मान हलवत राहतो, आणि जे बोलून मागाहून पस्तावलो असतो ते आतल्या आत राहतं. आमचं ड्रेपरीचं दुकान. नाटकवाले, शाळा, सिनेमावाले, सगळ्यांना पोशाख भाड्याने देतो. सहा पोलीस, चार नर्सा, एक राजा, अशाच भाषेत इथे बोलणं चालतं. कोणी दोन विधवा आणि एक अस्वल मागितलं तरी आम्ही माप विचारतो, कारण विचारत नाही. तेव्हा मागणीत तसं नवल नव्हतं. पण इतकी वर्षं हा धंदा करते आहे, हे पात्र कोणी मागितल्याचं आठवेना. मुलगी चुणचुणीत होती, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे, ते मुद्दाम. निवडणुकीची जाहिरात आहे म्हणाली. अंधारा रस्ता, धूर, धुरातून हे दहा जण चालत येणार, आणि वरून आवाज सांगणार की स्वतःला फॅसिस्टविरोधी म्हणवणारे हेच खरे फॅसिस्ट, यांच्यापासून आपलं शहर वाचवा. हे सगळं तिने पत्ता सांगावा तसं सांगितलं. "मला राजकारणातलं काही कळत नाही हं मॅडम," असंही वर म्हणाली, "मला सोमवारी सकाळी कपडे मिळाले की झालं."

मग नमुना म्हणून तिने फोनवर एक फोटो दाखवला. गर्दीतला, जरा हललेला. एक माणूस, नाकातोंडावर रुमाल बांधलेला, उजवा हात वर, आणि डावं कोपर थेट आपल्याकडे. कोणीतरी त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. मी माणूस ओळखला नाही, आधी कोपर ओळखलं. कोटाच्या त्या कोपरावर तपकिरी ठिगळ आहे, आणि ते तिरकं आहे, कारण खालचं भोक तिरकं जळलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिड सांडलं होतं, त्यावर नेमके आमचे हे कोपर टेकून उभे राहिले. ठिगळ मी लावलं, एका नाटकातल्या सावकाराच्या विजारीच्या उरलेल्या तुकड्याचं. टाकासुद्धा माझाच, शेवटी उगाच दुहेरी घालते तो. रुमाल बांधलाय तो धुळीसाठी. यांना दमा आहे, रस्त्यावर जरा धूळ उडाली की जीव कासावीस होतो. आणि हात वर केलाय तो बोलायची परवानगी मागायला. उभा जन्म शाळेत गेला, घरीसुद्धा जेवताना हात वर करून मीठ मागतात. मुलीने बोटांनी फोटो मोठा केला. "आणि हे बघा, हे ठिगळ. हे दहाही जणांना हवं, डाव्या कोपरावर, अस्संच. त्यांची खूण असते म्हणे ती." मी टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या आणि विचारलं, तिरकंच ना. ती म्हणाली, हो, तिरकंच, आमचे दिग्दर्शक फार बारकाईने बघतात.

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते दिवसभर स्वतःला विचारत राहिले आणि एकच उत्तर मिळत राहिलं: आपण बरं की आपलं काम बरं. ती गेल्यावर आतल्या खोलीत गेले, जिथे गणवेश टांगलेले असतात. जुन्या राजवटीवर दर दोन वर्षांनी कोणीतरी नाटक करतंच, त्यामुळे तिच्या हुकमातल्या पथकवाल्यांचे ते राखाडी शर्ट आमच्याकडे कायम तयार असतात, आणि इतर कपड्यांपेक्षा जास्त निघतात. मी एक गोष्ट पाहून ठेवली आहे. तो शर्ट अंगात घातला की कोणीही आरशासमोर सरळ होतो. पोट सुटलेला नट, लाजरा विद्यार्थी, सगळे. एकदा एक कवी होता, विरोधात लिहिणारा, तोही हनुवटी वर करून स्वतःकडे दोनदा बघून गेला. कापड तसं, खांदे तसे, तो घालणाऱ्याला काही करावंच लागत नाही. पण त्या नाटकांत जे दुसऱ्या बाजूला असतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे कप्पा नाही. ते घरचेच कपडे घालून येतात. दिग्दर्शक त्यांना सांगतो, तुम्ही काय, काहीही घाला. आता ज्यांना काही वेष नाही त्यांना भीतीदायक दाखवायचं तर आधी वेष शिवायला हवा, एवढं त्या जाहिरातवाल्यांना बरोबर कळलं होतं. आणि तो शिवायला त्यांनी घरचीच बाई शोधली, हे त्यांना कळलं नव्हतं. त्या राखाडी शर्टांचा कातरलेला नमुना माझ्या वडिलांचा आहे. नाटकासाठी नाही, खऱ्यासाठी कातरलेला. ते शिंपी होते, त्या काळात पथकाचं काम त्यांच्याकडे आलं आणि नको म्हणायची सोय नव्हती, निदान घरात तसंच सांगितलं जायचं. मी फार लहान, बटणं लावायचे. एका दुपारी पथकवाले आमचा जिना चढून वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेले. आम्ही दाराच्या फटीतून पाहिलं. ते उतरले तेव्हा मास्तर त्यांच्या मधोमध होते, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. वडिलांनी फट बंद केली, मशीनवर येऊन बसले, पायडलवर पाय ठेवला पण चालवलं नाही. बऱ्याच वेळाने आईला म्हणाले, "कॉलर छान बसली होती." आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. मलाही पुढे कित्येक वर्षं त्या वाक्याचा राग होता. माणूस नेताहेत आणि याला कॉलर दिसते. आता त्या फोटोनंतर वाटायला लागलं, मास्तरांचा चेहरा बघवेना म्हणून त्यांनी डोळे जिथे ठेवता येतील तिथे ठेवले असतील. वरच्या मजल्यावर मग कोणी गायलं नाही.

संध्याकाळी घरी गेले तर हे ओट्याशी उभे राहून भाजी चिरत होते, सगळे तुकडे एका मापाचे, प्रयोगाला लागणार असल्यासारखे. फोटोचं मी काही सांगितलं नाही. त्याऐवजी चाकूला धार नाही यावरून भांडले, मग भांडण वळत वळत रविवारवर आलंच. शहराच्या टोकाला बाहेरून आलेल्या लोकांचं एक वसतिगृह आहे. दर रविवारी सकाळी निळ्या जाकिटांचा मोर्चा त्याच्यावर चालून जातो. आधी घोषणाच होत्या, मग खिडक्या फुटायला लागल्या. तिथली दोन मुलं यांच्या शाळेत येत होती ती यायची थांबली. ती का येत नाहीत ते विचारायला म्हणून हे गेले, दारात दहा-वीस माणसं नुसती उभी होती, हेही त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि तेव्हापासून दर रविवारी तेच. मी म्हटलं, घरचं झालं थोडं म्हणून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालात. जिन्यात शेजारीण मला विचारते, तुमचे हे त्या टीव्हीवर दाखवतात त्या टोळीतले का हो, आणि विचारताना एक पायरी वर सरकते, लागण होईल म्हणून. टीव्हीवर फॅसिस्टविरोधी हा शब्द हल्ली असाच उच्चारतात, साथीच्या रोगासारखा. यांनी चाकू खाली ठेवला, हात वर केला. मी म्हटलं, बोला.

"अगं, ते काही पद नाहीये. आपलं घर पेटू नये असं वाटणाऱ्याला कोणी आगविरोधी म्हणतं का? आणि टोळी कसली. मला सहावीतली पोरं गप्प करता येत नाहीत."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं, तेवढं लक्षात ठेवा."

"म्हणूनच जातो ना," ते म्हणाले आणि पुन्हा चिरायला लागले. मला इतका राग आला की भाजी चांगली झाली होती तरी मी ती वाढून घेतली नाही. राग नव्हता तो, भीती होती. भीतीला आमच्या घरात रागाचेच कपडे घालतात.

मग तो सगळा आठवडा मी ठिगळं लावली. काळ्या जाकिटांना आधी पॉलिश पेपरने घासायचं, म्हणजे नवं कापड वापरलेलं दिसतं. खिशांचे काठ, मनगटं, पाठीचा खालचा भाग. माणूस कुठे झिजतो ते मला माहीत आहे. पण हे दहा जण कुठे झिजले असतील ते मी ठरवत होते आणि हात आपोआप यांच्याच जागांवर जात होता: उजवा खिसा दम्याच्या पंपाने ओघळलेला, दुसरं बटण सैल, कारण दम लागला की यांचे हात तिथे जातात. प्रत्येक जाकीट पुरं झालं की दांड्यावर टांगायचे आणि प्रत्येक वेळी हेच तिथे लटकल्यासारखे दिसायचे. शनिवारी हे डबा घेऊन दुकानात आले. मी दांडा पडद्याने झाकायच्या आत त्यांनी पाहिलं. एका बाहीला हात लावला, ठिगळ पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. मला सगळं सांगावंच लागलं. ते हसायला लागले, इतके हसले की खोकला लागला, खोकल्यात स्टुलावर बसले, पंप ओढला आणि पुन्हा हसले. म्हणाले, मला एकट्यालाच दहा धरलंय की. खूण आहे म्हणे! मग डोळे पुसून शांत झाले आणि विचारलं, देणार आहेस का. मी म्हटलं, धंदा आहे, आपण कपडे देतो, कोण काय करतं ते बघत नाही. हे वाक्य वडिलांचं आहे हे म्हणून झाल्यावर कळलं. यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी जिंकले असते.

"दे," ते म्हणाले. "पण छातीत सैल ठेव जरा. दम्याच्या माणसाला घट्ट होतं."

जाताना मी त्यांचा कोट काढून घेतला. अस्तर उसवलंय, रविवारी दुपारी देते म्हटलं. अस्तर धड होतं. मला वाटलं, सकाळची थंडी, कोट नाही, छाती अशी, गुमान घरी बसतील. इतकी साधी युक्ती की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. रविवारी सकाळी मी शेवटचं जाकीट संपवायला दुकानात आले तेव्हा हे पांघरुणात होते. दुकानात गारठा होता म्हणून त्यांचाच कोट खांद्यावर घेतला आणि खिशात काहीतरी कडक लागलं. पंप. घरी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. शेजारणीला केला, ती म्हणाली, मघाशीच गेले की, अंगात ते हिरवं स्वेटर, मी म्हटलंसुद्धा, अहो, गारठाल. मी करायला गेले एक नि झालं भलतंच! मी कुलूप लावलं की नाही हेही आठवत नाही. बस मिळाली, बसमध्ये मी तो पंप मुठीत धरून बसले होते आणि बाहेरची प्रत्येक गोष्ट, बंद दुकानं, कुत्र्याला फिरवणारा म्हातारा, सगळं मला धुळीचं दिसत होतं. मनात एकच चाललं होतं, मी त्यांना उघडं पाडलं; मोर्च्याने नाही, मी.

वसतिगृहाच्या दारासमोर रांग होती. मी धावत धावत तिच्यात हे शोधायला लागले आणि धंद्याची खोड, आधी कपडेच दिसले. आणि गंमत अशी की काही जुळेना. एका बाईच्या अंगात झोपायचा गाऊन, वरून मुलाचा रेनकोट. एक बेकरीवाला, पीठ माखलेलं ॲप्रन तसंच. एक म्हातारे वकील टायसकट, पण पायात घरातल्या सपाता. कोणालाही बघून हा अमुक असं म्हणता येईना. असली मंडळी एका नाटकात घातली तर प्रेक्षक म्हणतील, कपडेपट झोपला होता काय. हिरवं स्वेटर मधोमध उभं होतं, नाकावर रुमाल. मी पंप पुढे केला. यांनी डोळ्यांनीच हसून खिशातून दुसरा पंप काढून दाखवला. वकिलांचा होता. इथे दमेकरी तिघे आहोत, म्हणाले, एकाचा विसरला तरी भागतं. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना एक ठेवून द्यावीशीही वाटली. कोट त्यांच्या अंगावर चढवला, बटणं लावली आणि म्हटलं, चला आता घरी. तेवढ्यात माझी बाही कोणीतरी ओढली. यांच्या शेजारची बाई, मोटार चालवायला शिकवणारी असावी, जाकिटाच्या पाठीवर तसं लिहिलं होतं. तिने कानाशी येऊन सांगितलं, "जरा माझ्या जागेवर उभ्या राहता का? मला आत जाऊन यायचंय, फार घाई आहे. जागा रिकामी ठेवायची नाही असं आहे इथे." माझं उत्तर यायच्या आत ती गेली. आणि बाईमाणसाला असल्या बाबतीत नाही कसं म्हणणार? मी उभी राहिले. करायचं काही नव्हतं. बोलायचं नाही, ढकललं तर उलट ढकलायचं नाही, हे यांनी सांगितलं. रांग दारापुढून निघून कोपऱ्यावरच्या भिंतीकडे जात होती, पण भिंतीपर्यंत पुरत नव्हती. टोकाचा बेकरीवाला आणि भिंत यांच्यात माणूसभर फट होती आणि सगळे अधूनमधून तिकडे बघत होते.

रस्त्याच्या तोंडाशी निळी जाकिटं दिसायला लागली तेव्हा माझा फोन वाजला. जाहिरातीची मुलगी. उद्या गाडी किती वाजता पाठवू? मी म्हटलं, गाडी पाठवू नकोस, कपडे मिळणार नाहीत. हे मी ठरवलं नव्हतं. तोंडात टाचण्या नव्हत्या एवढंच. तिने विचारलं, तयार नाही झाले का? झाले आहेत, मी म्हटलं, पण देणार नाही. तो फोटो माझ्या नवऱ्याचा आहे, ठिगळ मी लावलंय आणि ती खूण नाही, ॲसिड सांडलं होतं. मागून येणाऱ्या घोषणा तिलाही ऐकू जात असाव्यात. "काकू, तुम्ही आत्ता तिथे आहात का?" तिने विचारलं. आठवडाभर मॅडम होते, एकदम काकू झाले. मी हो म्हटलं. "त्यांना आणखी कोणाकडून मिळतील कपडे," ती हळूच म्हणाली. मिळतील, मी म्हटलं. "बरं," म्हणाली, "पण ती खूण नाही हे मी त्यांना सांगते," आणि फोन ठेवला. सांगेल की नाही कोण जाणे, पण तिने तसं म्हणावं याचं मला बरं वाटलं.

ते आले. जाकिटं एकसारखी, नवी, इस्त्रीची, खांद्यांत पुठ्ठा घातलेला. कुठल्या तरी शिंप्याने मन लावून केलेलं काम होतं. माझे डोळे सवयीने कॉलरवर गेले आणि तिथेच राहायला बघत होते. मी ते ओढून वर आणले. चेहरे बघितले, एकेक करून. एकाचा दाढीत कापलेला गाल, एकाचे ओठ थंडीने फुटलेले, आणि एक तर आमच्याकडे विजेचं मीटर बघायला येतो तो, ज्याला मी उन्हाळ्यात पाणी देते. त्यानेही मला ओळखलं आणि घोषणेतला शब्द त्याच्या तोंडात अर्धाच राहिला. बाकीचे ओरडत होते, घरी जा, देशद्रोही, खरे फॅसिस्ट तुम्हीच. हातभर अंतर राहिलं. कोणीतरी फोन वर धरून आमचं चित्रीकरण करत होतं. शेजारी यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण चालू होता. त्यांनी हात वर केला. मी तो खाली ओढला आणि धरून ठेवला. तेवढ्यात पाठीमागून ती ड्रायव्हिंगवाली धापा टाकत आली आणि माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "आले मी. व्हा तुम्ही बाजूला, तुम्हाला उगाच त्रास. जा घरी."

जायला वाट होती. मागे दार उघडं होतं, आत जिना, जिन्यावर दोन मुलं उभी राहून आमच्या पाठी बघत होती. मी म्हटलं, "नाही. जरा सरकून घ्या, दोघी मावू."

ती घुसली. मी सरकले, हे सरकले, वकील सरकले, रेनकोटवाली सरकली, पुढे पुढे एकेक जण सरकत गेला. टोकाचा बेकरीवाला एक पाऊल बाजूला झाला आणि त्याचा खांदा भिंतीला टेकला.